मिलोनं आलेलं तोंड

माझ्या सासूच्या जिभेला सगळं गाव भ्यायचं. मीही भ्यायचे, पण लग्नानंतरचं पहिलं वर्षच. पुढं कळलं की ह्या बाई शिव्या देतात तेव्हा खुशीत असतात, आणि गप्प बसल्या की समजावं काहीतरी बिनसलंय. "अगं ए पाटाच्या पाण्याची, ऊठ की! कोंबड्या सुदिक दमल्या वरडून," अशी माझी सकाळ व्हायची. माझं माहेर कोल्हारचं, प्रवरेकाठचं, शेताला पाटाचं पाणी. सासर तिसगावपासून दोन कोसांवर, जिथं पोहरा विहिरीत सोडला की खडकावर आपटल्याचा आवाज यायचा. त्यामुळं 'पाटाच्या पाण्याची' ही पदवी मला जन्माची चिकटली. मी त्यांना आत्याबाई म्हणायचे.

घरात आम्ही दोघीच. सासरे मी यायच्या आधीच गेलेले. नवरा साखर कारखान्यावर कामाला, म्हणजे माझ्याच माहेराकडं. मी तिकडून इकडं आले आणि हा गडी इकडून तिकडं गेला, काय म्हणावं ह्याला! दिवाळीला यायचा, मध्ये कधी एखादी रात्र. मूलबाळ अजून नव्हतं. शेजारच्या घरांत ज्याला त्याला आपलंच पुरे झालेलं. मला बोलायला सगळ्या गावात माणूस एकच, आणि ते माणूस सकाळी उठल्यापासून रात्री डोळा लागेपर्यंत बोलायचं. कावळ्याशी बोलायचं, शेळीशी बोलायचं, चुलीतल्या ओल्या लाकडालाही सोडायचं नाही. कधी कधी मला वाटायचं, देवा, ह्यांना घटकाभर तरी गप्प कर. असं कुठल्याही सुनेला वाटतंच.

बहात्तरचा दुष्काळ पडला तेव्हा आम्ही दोघी पाझर तलावाच्या कामावर खडी फोडायला जायला लागलो. तिथं दुपारी खायला सुकडी, म्हणजे भाजलेलं गोडसर पीठ, मिळायची आणि रेशनला मिलो. मिलो म्हणजे परदेशातून आलेली तांबडी ज्वारी. तिची भाकरी थापताना हातात तुटायची, तव्यावर तिचा एक कुबट वास सुटायचा, आणि घशाखाली उतरताना ती आपलं अस्तित्व दाखवून उतरायची. भाजीपाला नाही, शेळी आटलेली म्हणून दूध नाही, ताक तर सणालासुद्धा नाही. महिन्या-दीड महिन्यात कामावरच्या निम्म्या लोकांची तोंडं आली. ओठांचे कोपरे चिरले, जिभा लालभडक झाल्या, मिठाचा खडासुद्धा झोंबायला लागला. सगळे म्हणायचे, मिलो बाधला. आणि सगळेच वाळले होते. कुणाची चोळी खांद्यावरून उतरायची, कुणाच्या बांगड्या कोपरापर्यंत जायच्या.

आत्याबाईंचं तोंड आलं ते ह्याच गर्दीत. त्यामुळं ते वेगळं कुणाला दिसलंच नाही. त्या वाळल्या तेही गर्दीतच वाळल्या. चांगल्या पावसापाण्याच्या साली हेच झालं असतं तर गावानं विचारलं असतं, बाई, तुला काय झालं? त्या साली कोण कुणाला विचारणार?

मिशरी त्यांची जुनी होती. दुपारच्या सुट्टीत सगळ्या बायका दगडाच्या सावलीला बसून तंबाखूची भाजलेली पूड दातांना घासायच्या, आत्याबाई त्यांच्या मधोमध. तोंड आल्यावर त्यांनी ती जास्तच घासायला घेतली. म्हणायच्या, "हिच्यानं जरा बधिर होतं बग."

आमच्याकडं बायका एकट्या डॉक्टरकडं जात नसत. नेणार कोण, तर थोरले मामंजी, म्हणजे सासऱ्यांचे थोरले भाऊ. माणूस भला होता, हे मी आधीच सांगून ठेवते. आमचं दळण, आमची लाकडं, आमचं कामावर नाव घालणं, सगळं त्यांनीच बघितलं. पण ते आत्याबाईंचे थोरले दीर. त्यांच्यासमोर आत्याबाईंचा पदर नाकाच्या खाली यायचा, आवाज बंद व्हायचा, आणि त्या भिंतीकडं तोंड करून उभ्या राहायच्या. सगळ्या गावाला शिव्या देणारी बाई! केस पांढरे झाले तरी ती रीत त्यांनी सोडली नव्हती. मामंजीही त्यांच्याशी सरळ बोलत नसत. माझ्याकडं किंवा दाराकडं बघून बोलायचे, आणि ते निरोप म्हणून पोहोचायचं.

तर बाजाराच्या दिवशी मामंजी आम्हा दोघींना तिसगावला घेऊन गेले. दवाखाना म्हणजे एक खोली. डॉक्टरपुढं खुर्चीवर मामंजी बसले. आजारी कोण, बसलंय कोण, ते बघा. आत्याबाई भिंतीशी उभ्या, मी त्यांच्या मागं. डॉक्टरांनी विचारलं, "काय होतंय?" मामंजी म्हणाले, "मिलोनं तोंड आलंय तिचं. जेवान जात न्हाई."

"सगळ्यांचंच आलंय हो," डॉक्टर म्हणाले. "सकाळपासून तेच बघतोय."

बघतोय म्हणे! दंडावर इंजेक्शन टोचलं, पिवळ्या गोळ्या दिल्या, आणि तोंडात लावायला जांभळ्या औषधाची बाटली. टेबलावर चांगली मोठी बॅटरी होती. ती हातात घेऊन "बाई, आ करा" एवढं म्हणायला कितीसा वेळ लागला असता? पण ते म्हणाले नाहीत, आणि मामंजी समोर बसलेले असताना आत्याबाईंनी आपणहून तोंड उघडणं शक्यच नव्हतं.

तोंड पहिल्यांदा बघितलं ते मी. औषध लावायचं म्हणून काडीला कापूस गुंडाळला आणि त्यांना दारातल्या उजेडात बसवलं. "बग, काय हिरं मोती सापडत्यात का," म्हणाल्या आणि आ केला. जिभेच्या डाव्या कडेला, पार मागं दाढेपाशी, चिंचोक्याएवढा पांढरट चट्टा होता. बाकीच्या बायकांची तोंडं लाल झालेली मी बघत होते, हे तसं नव्हतं. बोट लावलं तर त्याची कड टणक लागली. "दुखतं का?" तर म्हणाल्या, "न्हाई गं, दुखत कुटं हाय? नुसतं अडाकतंय." मला त्यातलं काही कळत होतं असं नाही. एवढंच वाटलं की हे दुसरं काहीतरी आहे.

गोळ्यांनी बाकीच्या बायकांची तोंडं निवली. पुढं कुणाच्या घरी शेळी व्याली, कुणाला थोडी भाजी मिळाली, त्या बऱ्या झाल्या. आत्याबाईंचं तसंच. पुन्हा तिसगाव, पुन्हा मामंजी खुर्चीत. "औषध लागू पडंना," ते म्हणाले. डॉक्टर पुन्हा सुई भरायला लागले, आणि मला राहवलं नाही. मी पदराआडूनच म्हटलं, "जिभंच्या कडंला कायतरी टणक लागतंय. एकदा बॅटरी लावून बघा की."

डॉक्टर हसले. मामंजींकडं बघून म्हणाले, "सूनबाई शिकलेल्या दिसतात." मग म्हणाले, "मिशरी बंद करा म्हणावं. तिनंच होतं ते." आणि त्यांनी सुई टोचली. मी रागानं लालेलाल झाले असणार, पण पदरातलं तोंड बघतंय कोण.

वाटेनं मामंजी पुढं चालता चालता रस्त्याकडं बघून म्हणाले, "पोरीला सांगा, चार मान्सांत असं बोलू न्हाई." घरी आल्यावर आत्याबाई उंबऱ्यावर बसल्या आणि पोट धरून हसल्या. "बॅटरी लावा म्हनं! लई धाडसाची गं बया माझी. तुज्या मामंजीचं त्वांड बगितलंस का कसं झाल्तं?" मी चिडून म्हटलं, तुमी का नाही उघडलं तोंड? तेव्हा हसू थांबवून म्हणाल्या, "त्यांच्याम्होरं? जीव ग्येला तरी न्हाई." हे त्या अगदी सहज बोलल्या होत्या.

पुढं कान दुखायला लागला, तोही डावाच. लसणीचं तेल कोमट करून घातलं, रुईचं पान शेकून बांधलं, रात्रभर त्या कान धरून बसायच्या. मामंजी बाजाराला गेले ते डॉक्टरांना सांगून कानात घालायचं औषध घेऊन आले. आम्हाला नेलंसुद्धा नाही, नुसतं औषध आणलं. तशी पद्धतच होती. माणूस घरी, दुखणं निरोपात, आणि बाटली पिशवीत. कानात काहीच नव्हतं, जिभेचं दुखणं कानात निघत होतं, हे मला फार पुढं कळलं. तोवर आम्ही चांगल्या कानात थेंब घालत बसलो.

मग त्यांचं बोलणं जड झालं. आधी 'र' म्हणता येईना. शेळीला हाक मारायच्या ती अर्धीच यायची. मग जबड्याखाली सुपारीएवढी गाठ हाताला लागली. कामावरच्या बायका दुपारी त्यांच्याजवळ बसेनाशा झाल्या, कारण तोंडाला वास यायला लागला होता. त्यांच्यावाचून ज्यांची दुपार जात नव्हती त्याच बायका! आम्ही दोघी दुसऱ्या दगडामागं बसून सुकडी खायचो. म्हणजे मी खायचे, त्या पाण्यात कालवून गिळायच्या.

तेव्हा मी मामंजींना खोटंच सांगितलं की माझी आई आजारी आहे, आत्याबाईंना घेऊन कोल्हारला जाते. एस.टी.नं नगरला उतरलो आणि विचारत विचारत एका मोठ्या दवाखान्यात गेलो. तिथं एक डॉक्टरीणबाई होत्या. त्यांनी आत्याबाईंना स्टुलावर बसवलं, बॅटरी घेतली आणि म्हणाल्या, "आ करा."

आत्याबाईंनी पदर खांद्यावर टाकला आणि आ केला. झालं. मला तिथंच रडू फुटलं. रोगाच्या भीतीनं नव्हे, रोग काय आहे हे तेव्हा कुठं माहीत होतं. हे एवढं सोपं होतं म्हणून रडू आलं.

तोंड आतून सगळं जांभळं होतं, मीच रोज रंगवत होते ना. बाईंनी ओल्या कापडानं ते पुसलं, बोट घालून जीभ चाचपली, मानेवरून हात फिरवला. चेहरा हळूहळू बदलला. "कधीपासून आहे हे?"

"मिलो आला तवापासून."

"आणि आधी कुणी तोंड बघितलं नाही?"

"औषध दिलं हुतं."

"ते नाही विचारत. तोंड बघितलं का कुणी?"

मी नाही म्हटलं. त्यांनी हात धुतले. मग मला बाजूला घेऊन म्हणाल्या, घरातलं कुणी कर्तं पुरुषमाणूस घेऊन या, त्यांना सगळं सांगते. माझ्या डोक्यात सणक गेली. म्हटलं, "बाई, पुरुषमान्सानंच सगळं सांगितलं आन् त्यालाच सगळं सांगितलं, म्हणून तर हे झालं. करती मीच हाय. मला सांगा." मग त्यांनी मलाच सांगितलं. जिभेचा कॅन्सर, मानेत उतरलेला, मुंबईला न्या. तो शब्द मी त्याआधी एखाद्या वेळी ऐकला असेल, तोही मोठ्या लोकांचा आजार म्हणून.

नवरा आला, रजा काढून आम्हाला मुंबईला घेऊन गेला. तिथं तुकडा काढून तपासला, विजेचा शेक दिला, मानेची कातडी काळी पडली. तिथल्या डॉक्टरांनी नवऱ्याला सांगितलं, हे चिंचोक्याएवढं असताना आणलं असतं तर तेवढाच भाग कापून काढला असता आणि बाई कदाचित आज बोलत असती. नवऱ्यानं मला ते धर्मशाळेच्या ओट्यावर बसून सांगितलं. मी त्याला चिंचोक्याचं कधी बोलले नव्हते. डॉक्टरनं तोच शब्द वापरला. त्या ओट्यावर डोकं आपटून घ्यायचं तेवढं बाकी राहिलं होतं.

परत आल्यावर नवरा कारखान्यावर गेला, जाणं भागच होतं. मी बाजाराच्या दिवशी एकटी तिसगावला गेले. डॉक्टरच्या खोलीत गर्दी होती, तरी सरळ आत शिरले आणि सगळ्यांसमोर सांगितलं की मिलो नव्हता तो, कॅन्सर होता. डॉक्टर गोरेमोरे झाले. म्हणाले, "मला काय स्वप्न पडणार होतं? तुमची बाई तोंडच उघडत नव्हती."

"तुमी एकदा तरी उघडा म्हणालात का?"

त्यांनी टेबलावरच्या बाटल्या इकडच्या तिकडं केल्या आणि पुढच्या माणसाला हाक मारली. लोक म्हणतात, डॉक्टर गरिबांचा होता, अडल्यानडल्याला फुकट औषध द्यायचा. देत असेल. मला तो माणूस आवडत नाही. आता तो हयात नाही, तरी आवडत नाही.

मामंजी एके दिवशी संध्याकाळी आले. दारात खाकरले, आत्याबाई उठून भिंतीकडं वळल्या. मामंजी दाराच्या चौकटीकडं बघत म्हणाले, "कुनाच्या हातात हाय का? मिलोनं सगळ्यांचीच त्वांडं आल्ती. डाक्टरनं त्याच्या परीनं औशद दिलं." ते स्वतःचीच समजूत काढत होते. मी काहीतरी टोचून बोलणार, एवढ्यात आत्याबाई वळल्या. त्यांनी पदर डोक्यावरून मागं सारला, मामंजींच्या समोर जाऊन उभ्या राहिल्या आणि तोंड उघडलं. जेवढं उघडत होतं तेवढं.

मामंजींनी बघितलं. मग ते उंबऱ्यावरच बसले. उभ्या जन्मात पहिल्यांदा त्यांच्याशी सरळ बोलले, "मी भाईर थांबलो असतो की गं. कुनी म्हनलं असतं, तर मी भाईरच थांबलो असतो."

त्यांच्यावर रागवायचं मी ठरवलं होतं, ते मग मला जमलं नाही. त्यानंतर ते रोज शेळीचं दूध आणून उंबऱ्यावर ठेवायचे.

आत्याबाईंचा आवाज यायचा, शब्द येत नव्हते. मला ते घर खायला उठायचं. माणूस समोर बसलेलं आहे, माझ्याकडं बघतंय, आणि आपण एकटेच आहोत. सकाळी मला कुणी पाटाच्या पाण्याची म्हणेना. मी आपली आपण उठायचे. मग मीच बोलायला लागले. शेळीला त्यांच्या शिव्या द्यायचे, कावळ्याला त्यांच्यासारखं झापायचे, ओल्या लाकडाचा उद्धार करायचे. त्यांचे खांदे हसून हलायचे, कधी एखादी शिवी मी चुकवली तर हातानं नाही नाही करायच्या. दिवसभर दोघींचं बोलून मी दमून जायचे. कामावर गेले की मात्र माझ्या तोंडातून शब्द निघत नसे.

एका दुपारी त्यांनी मला हातानं जवळ बोलावलं. मी अंथरुणाशी बसले. त्यांनी माझं मनगट धरलं आणि काहीतरी बोलल्या. एखादा शब्द नव्हता तो, चांगलं लांब बोलणं होतं, विचार करून ठेवलेलं असावं. मी विचारलं, पाणी? मान हलवून नाही म्हणाल्या. ल्योकाला बोलवू? नाही. कुठं दुखतंय? चिडल्या, पहिल्यासारख्या चिडल्या, आणि पुन्हा सगळं सांगितलं. मी कान त्यांच्या तोंडाशी नेला. एक अक्षर लागेना. लिहिता त्यांना येत नव्हतं. तिसऱ्यांदा सांगायला लागल्या तेव्हा लाळेबरोबर रक्त आलं, डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं, तरी थांबेनात. मला ते बघवेना. मी त्यांचा हात घट्ट धरला आणि म्हटलं, "कळलं, आत्याबाई. कळलं मला. तसंच करते."

त्यांनी माझ्या गालावरून हात फिरवला. मग मोठा श्वास सोडून कुशीवर वळल्या आणि कितीतरी दिवसांनी निवांत झोपल्या. त्यानंतर त्यांनी बोलायचा प्रयत्न केला नाही, आणि आठवडा उलटायच्या आत गेल्या.

मी काय करायचं कबूल केलं होतं, ते मला आजही माहीत नाही.